सत्त्याण्णव टक्क्यांचा पंखा

वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची बरी चाललेली नोकरी बाजूला ठेवून कुणी पुन्हा विद्यार्थी व्हायला निघालं, की लोक दोन गोष्टी करतात. काही जण तोंडावर विचारतात, "आता? या वयात?" आणि काही जण काहीच न विचारता नुसती मान हलवतात. मिस्त्रींच्या मुलीच्या वाट्याला दोन्ही प्रकार भरपूर आले. तिने काही मनावर घेतलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला सांगितलं होतं, "दोन वर्षं रजा देते. जागा तुझ्यासाठी राखून ठेवते. पदवी घेऊन आलीस की वरच्या वर्गांचा सगळा कॉम्प्युटर विभाग तुझा. पण दोन म्हणजे दोनच हं." मुलगी हो म्हणाली, नवी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घालून मोकळी झाली.

विद्यापीठातली लॅब तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, अकरा कॉम्प्युटर, त्यातले चालू नऊ. खिडकी उघडली की कागद उडत आणि लावली की जीव गुदमरे, म्हणून तिच्या फटीत एक जुना कीबोर्ड कायमचा अडकवलेला. बाकीची पोरं बाविशी-तेविशीतली. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला ताई करून टाकलं, आणि एकदा ताई झालं की माणसाची सुटका नसते. कुणी डबा विसरला तरी ताई, कुणाचा प्रोग्रॅम अडला तरी ताई, कुणाचं कुणाशी बिनसलं तरी ताईच. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला सगळे शॉर्टकट म्हणायचे. हुशार होता, पण जिना चढतानाही दोन पायऱ्या गाळायचा. गाइड मॅडमचं नाव पोरांनी पुरावाबाई ठेवलं होतं. तुम्ही त्यांना पाच मिनिटं काहीही सांगा, त्या चष्म्यावरून बघत एकच शब्द विचारायच्या, "पुरावा?"

आता प्रबंधासाठी विषय हवा होता. पोरांनी मोठमोठे विषय घेतले. ताईने घरचा घेतला.

तिचे वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं एकच दुकान, वर घर. दुकानात एक लाकडी टेबल, भिंतभर पट्टे, सुया, बॉबिनचे डबे आणि तेलाचा वास. मिस्त्रींची ख्याती अशी, की ते मशीन उघडायच्या आधी त्याचं दुखणं सांगत. कुणी मशीन घेऊन आलं, की ते टेबलावर ठेवायचे, हात पुसायचे, उठून भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद करायचे आणि पाती थांबेपर्यंत उभे राहायचे. मग बसून, मान तिरकी करून, एका हाताने चाक फिरवायचे. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाइकं खोकलासुद्धा दाबून धरत. "शटल घासतंय," मिस्त्री म्हणत, किंवा "सुईची दांडी ढिली आहे." पंखा बंद म्हणजे कुणीतरी आजारी आहे, हे मुलगी चालायला लागायच्या आधीपासून शिकली होती. दुरुस्ती झाली की पंखा पुन्हा सुरू व्हायचा, आणि मग मिस्त्री घाम पुसत, गप्पा मारत, एका चिंधीवर मशीन चालवून बघायचे.

आई गल्ल्याशेजारी बसून बटणं निवडायची. तिची एक जुनी तक्रार होती आणि ती गिऱ्हाइकांसमोर करायला तिला फार आवडे. "तीस-पस्तीस वर्षं संसार झाला. माझं बोलणं ऐकायला कधी उठून पंखा बंद केलात का हो?"

"तू काय बिघडलीयेस का?" मिस्त्री म्हणत, आणि गिऱ्हाइकं हसत. मुलगीही हसायची. पण लहानपणी शाळेतून येऊन ती काहीबाही सांगायला लागली की वडील चाकाकडे बघत, वर पंखा गरगरत असताना, "हं... हं..." करायचे, हे तिला आठवायचं. बापाबद्दल तिची दुसरी काही तक्रार नव्हती.

तर विषय असा ठरला: मिस्त्रींचा कान कॉम्प्युटरला द्यायचा. जिथे असा मिस्त्री नाही तिथे एखाद्या शिवणाऱ्या बाईने फोन मशीनशेजारी ठेवावा, चाक फिरवावं, आणि फोनने सांगावं, मशीन आजारी आहे की ठणठणीत. पुरावाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आवाज किती लागतील?" त्यांनी पुरावा मागितला नाही, याचा अर्थ विषय आवडला होता.

भर उन्हाळ्यात ताईने आवाज गोळा केले. मशीन आलं की फोन टेबलावर उभा करायचा आणि मिस्त्री चाक फिरवू लागले की आवाज टिपायचा: हा आजारी. दुरुस्ती होऊन चिंधीवर चाललं की पुन्हा टिपायचा: हा ठणठणीत. आजूबाजूच्या शिंपिणी, गाद्यावाले, पिशव्या शिवणारे, सगळ्यांची मशिनं त्या उन्हाळ्यात तिने टिपली. सहाशे चाळीस आवाज झाले. प्रत्येकाला क्रमांक, तारीख आणि शेरा. प्रबंधात तिने मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'सर्व आवाज एकाच दुकानात, एकाच टेबलावर आणि एकाच फोनवर घेतले आहेत.' हे वाक्य तिला इतकं आवडलं, की तिने ते दोन ठिकाणी घातलं.

पुढचं काम लॅबमधलं. पाचशे आवाज देऊन प्रोग्रॅमला शिकवायचं, एकशे चाळीस झाकून ठेवायचे आणि शेवटी त्यांवर त्याची परीक्षा घ्यायची. पावसाळा सगळा त्यात गेला. आधी साठ टक्के आले, मग ऐंशी, आणि एका दुपारी पडद्यावर आकडा उमटला, सत्त्याण्णव. ताईने तो तीनदा पुन्हा काढून पाहिला. शॉर्टकटने खुर्चीसकट गिरकी घेतली. त्या दिवशी तिला आकाश ठेंगणं झालं, आणि का होऊ नये? पुरावाबाईंनी त्यावर एक लेख लिहायला लावला, दोघींच्या नावाने परिषदेला पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. त्यानंतर परीक्षा, पदवी आणि शाळेतली राखून ठेवलेली जागा. सगळं कसं वहीत लिहिल्यासारखं चाललं होतं.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी ताई फोनमध्ये प्रोग्रॅम घालून दुकानात आली. वडिलांना दाखवायचं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. टेबलावर एका शिंपीणबाईंचं नवं मशीन होतं, जोडून द्यायला आलेलं. ताईने फोन शेजारी धरला, मिस्त्रींनी चाक फिरवलं.

फोनने सांगितलं, आजारी.

"अगं, नवं कोरं आहे ते," मिस्त्री म्हणाले. "आत्ता खोक्यातून काढलंय. अजून सुईसुद्धा लावली नाही त्याला."

"थांबा, दुसरं घ्या."

दुसरं आजारी. तिसरं आजारी. वरच्या घरातलं आईचं मशीन खाली आणलं, तेही आजारी. ज्या मशीनवर आईने आदल्याच दिवशी पडदे शिवले होते, त्याला आपल्याच मुलीचा फोन आजारी म्हणतो हे आईला अजिबात पटलं नाही. "तुझा फोनच आजारी असेल," ती म्हणाली.

तेवढ्यात शिंपीणबाई आल्या. चढ चढून आल्या होत्या, धापा टाकत होत्या. आत शिरताच त्यांनी सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं आणि पंख्याखाली उभ्या राहिल्या. ताईने वैतागून पुन्हा फोन धरला.

ठणठणीत.

दुसरं मशीन ठणठणीत. आईचं ठणठणीत. मग मिस्त्रींनी कोपऱ्यातलं एक मशीन ओढलं, ज्याचं शटल पार खिळखिळं झालं होतं आणि जे चालताना भांडी घासल्यासारखं वाजत होतं. तेही ठणठणीत. ताईने उठून पंखा बंद केला. आजारी. लावला. ठणठणीत. शेवटी तिने सगळी मशिनं बाजूला सारली आणि रिकाम्या टेबलावर, पंख्याखाली, नुसता फोन ठेवला. फोनने विचार केला आणि सांगितलं, ठणठणीत.

रिकामं टेबल अगदी निरोगी निघालं.

आजारी मशिनं मिस्त्रींनी पंखा बंद करून ऐकली होती, बरी झालेली पंखा लावून. सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस. प्रोग्रॅम बिचारा प्रामाणिकपणे शिकला होता, पण शिकला होता पंखा. शटल, सुई, दांडी, यातलं काहीही त्याच्या कानावरून गेलं नव्हतं. आणि ताईच्या हे लक्षात आलं नाही, कारण पंख्याचं बंद होणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते घडतंय हेच तिला दिसेनासं झालं होतं. त्याहून वाईट गोष्ट तिला आईचं मशीन वर नेताना जिन्यात आठवली. तिने आवाज टिपले, मोजले, कापले, त्यांचे आलेख काढले, त्यांवर चाळीस पानं लिहिली. पण ऐकले नव्हते. एकही नाही. कानात हेडफोन घालून कुठलेही चार आवाज लागोपाठ ऐकले असते, तर शाळेतल्या पोरालाही पंखा कळला असता.

शिंपीणबाई गेल्यावर तिने वडिलांना सगळं समजावून सांगितलं. मिस्त्री ऐकत होते, हातातला पट्टा ताणून बघत होते.

"म्हणजे हा फोन विकायचा तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सोबत एक पंखा द्यावा लागणार," आई म्हणाली. कुणी हसलं नाही, तेव्हा ती पुन्हा बटणं निवडू लागली.

"मग आता काय करणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"हं," मिस्त्री म्हणाले आणि पट्टा चढवू लागले.

लॅबमध्ये तिने फक्त शॉर्टकटला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला, मग लगेच हिशेब मांडला. "ताई, तू खोटं काय केलंस? आवाज खरे, परीक्षा खरी, सत्त्याण्णव खरे. परीक्षक काय तुझ्या बाबांच्या दुकानात येऊन पंखा बंद करणार आहेत? प्रबंध देऊन टाक. पदवी घे. मग निवांत दुरुस्त कर."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कुणी विचारणार नाही. आजवर विचारलं का कुणी?"

यातला शब्दन् शब्द खरा होता, हीच पंचाईत होती. कुणीही विचारलं नसतं. दोन दिवस ताई मूग गिळून बसली. प्रबंधातले स्वल्पविराम दुरुस्त केले, समासाची रुंदी बदलली, संदर्भांची यादी नीट लावली. त्याच वेळी शाळेतून फोन आला, "मग, येतेयस ना वेळेवर?" आणि ती म्हणाली, "हो, हो." बोलताना तिला आपलाच आवाज ओळखू येईना. तिसऱ्या दिवशी तिने प्रबंध छापायला द्यायला म्हणून उघडला आणि तिला ते आवडतं वाक्य दिसलं. एकाच दुकानात, एकाच टेबलावर. ते वाक्य वाचून तिला इतकी लाज वाटली, की ती तशीच उठून पुरावाबाईंच्या खोलीत गेली.

पुरावाबाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, मध्ये कुठेही न थांबता.

"पुरावा?" पुरावाबाई म्हणाल्या.

ताईने फोन पुढे केला. पंख्याखालच्या रिकाम्या टेबलाचा आवाज तिने दुकानात टिपून ठेवला होता, तो प्रोग्रॅमला ऐकवला. फोन म्हणाला, ठणठणीत.

पुरावाबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. तो बराच थकलेला निघाला. "लेखावर माझंही नाव आहे," त्या म्हणाल्या. "आणि मीही एक आवाज ऐकला नाही. नुसता आकडा बघितला. आकडा छान होता ना." मग त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "लेख मागे घेऊ. पत्र मी लिहिते. तुला एक सत्र जादा लागेल."

"शाळेची रजा संपेल, मॅडम. जागा जाईल."

"जाईल," पुरावाबाई म्हणाल्या. त्या खोटा धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "उद्यापर्यंत विचार कर. प्रबंध आहे तसा द्यायचा म्हणालीस तर मात्र मी सही करणार नाही."

"विचार करूनच आले होते," ताई म्हणाली. ते पूर्ण खरं नव्हतं, पण बोलल्यावर झालं.

मुख्याध्यापिकेने तीन महिने वाट पाहायची तयारी दाखवली. सहा महिने म्हटल्यावर तिने "बघते" म्हणून फोन ठेवला, आणि पुढच्याच महिन्यात त्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या. ताईने ती बातमी घरी जेवताना सांगितली. आईने तिच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. मिस्त्री खाली बघून जेवत राहिले.

मग सुरू झाला दुसरा हंगाम. ऐन थंडीत मिस्त्रींच्या दुकानात पंखा फिरू लागला. प्रत्येक मशीन, आजारी असो वा बरं, दोन्ही प्रकारे टिपायचं ठरलं होतं, पंखा लावून आणि पंखा बंद करून. आई शाल गुंडाळून, नाक पुसत, बटणं निवडत बसायची. गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, "मिस्त्री, बरे आहात ना?" मिस्त्री म्हणत, "मी बरा आहे. पंखा शिकायला बसलाय." दुसऱ्या दोन दुकानांतूनही ताईने आवाज आणले. आणि या वेळी प्रत्येक आवाज कानाने ऐकला. पंधरा दिवसांत तिला शटल घासल्याचा आवाज ओळखता यायला लागला, जो जन्मभर बापाच्या दुकानात राहून आला नव्हता.

पुरावाबाईंच्या सांगण्यावरून तिने मिस्त्रींचीही परीक्षा घेतली. पन्नास आवाज, मशीन न दाखवता, हेडफोनवर. मिस्त्रींनी हेडफोन कानावर दाबले, डोळे मिटले, आणि सवयीने त्यांचा उजवा हात हवेत चाक फिरवू लागला. पन्नासपैकी पंचेचाळीस बरोबर आले. त्याच पन्नासांत प्रोग्रॅमला छत्तीस मिळाले, म्हणजे बहात्तर टक्के. चुकलेले पाच आवाज मिस्त्रींनी पुन्हा लावायला सांगितले आणि त्यातल्या दोन आवाजांच्या निदानावर ताईशी तासभर वाद घातला. एकात ते बरोबर निघाले. वहीतला शेरा चुकला होता. ताईने सेहेचाळीस केले, आणि त्याच शेऱ्यापायी प्रोग्रॅमचा एक गुण कमी झाला. सत्तर टक्के.

परीक्षा आली ती पुन्हा उन्हाळ्यात. तीन परीक्षकांपैकी बाहेरून आलेले जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध उलटाच उघडला, शेवटचं पान बघितलं आणि म्हणाले, "सत्तर? आजकाल नव्वदच्या खाली कुणी येत नाही माझ्याकडे."

"माझे आधी सत्त्याण्णव होते," ताई म्हणाली. तिने जुना प्रोग्रॅम लावला, टेबलावर काही ठेवलं नाही. वर पंखा फिरत होता. ठणठणीत. मग ती उठली आणि बटण दाबलं. परीक्षक पात्यांकडे बघत राहिले. आजारी. त्या खोलीत मशीन नव्हतं, दुकान नव्हतं, फक्त घामाघूम झालेले तीन परीक्षक आणि एक रिकामं टेबल होतं. जाडजूड गृहस्थांनी प्रबंध पहिल्या पानापासून उघडला. पुढचा दीड तास ते प्रश्न विचारत होते, आणि त्या दीड तासात कुणी पंखा पुन्हा लावला नाही.

दुपारी अडीचला ताई दुकानात पोचली. ऊन रणरणत होतं. पंखा पुऱ्या वेगात होता आणि त्याच्याखाली शिंपीणबाई, आई आणि एक उघडं मशीन. मिस्त्रींचे हात तेलात बरबटलेले होते. ताईचा चेहरा बघून आई अर्धवट उठली. "काय गं? काय झालं?"

"सांगते," ताई म्हणाली. "आधी पाणी दे."

पाणी पिऊन तिने तोंड पुसलं. बोलायला तोंड उघडलं तोच मिस्त्री म्हणाले, "थांब."

त्यांनी चाकावरचा हात काढला. फडक्याला बोटं पुसली, एकेक करून, नेहमी पुसायचे तशीच. मग उठले, भिंतीपर्यंत गेले आणि पंखा बंद केला. शिंपीणबाईंनी पदराने वारा घ्यायला हात उचलला होता, तो तसाच खाली घेतला. पाती हळू झाली, आणखी हळू झाली, थांबली. मिस्त्री येऊन स्टुलावर बसले, मुलीसमोर, मान तिरकी करून.

"हं," ते म्हणाले. "आता सांग."